हिंगणघाटला विसावलेला माणूस आणि तुमच्या मॅपवरचा निळा ठिपका



आजची गोष्ट एका भांडणापासून सुरू होते. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाट तालुक्यात. गेल्या उन्हाळ्यात आमच्या आणि शेजारच्या काकांच्या शेतामधल्या धुऱ्यावरून बोलाचाली झाली. धुरा म्हणजे बांध, आमच्या विदर्भातला शब्द. बाबांचं म्हणणं, नांगरता नांगरता काकांनी धुरा आमच्याकडे सरकवला. काकांचं म्हणणं, आजोबांच्या वेळेपासून धुरा तिथेच आहे.

घरात मोबाईलमधलं कळणारा मी एकटा. मोठ्या फुशारकीने पुढे झालो. शेत मोजायचं एक ॲप टाकलं, फोन हातात धरून शेताला पूर्ण चक्कर मारली आणि जाहीर करून टाकलं की आपली चार गुंठे जमीन कमी भरते. झालं! दोन घरांतलं बोलणं बंद. दुसऱ्या दिवशी खात्री करायला मी गुपचूप पुन्हा चक्कर मारली, तर तेच शेत तीन गुंठे जास्त भरलं. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगायला तोंडच नव्हतं.

शेवटी रीतसर मोजणीचा अर्ज केला. भूकरमापक साहेब आले, काठीवर बसवलेलं रोव्हर यंत्र घेऊन. मला वाटलं, आता थेट धुऱ्यावर काठी टेकवतील. पण ते आधी शिवेवरच्या एका जुन्या दगडापाशी गेले. ज्या जागेचा ठावठिकाणा आधीपासून पक्का माहीत आहे, तिथे यंत्र बरोबर आकडा दाखवतं का ते बघायचं, मगच पुढे जायचं, असं त्यांनी मला समजावलं. आणि जाता जाता म्हणाले की या पद्धतीने अख्खा देश मोजायला ज्याने सुरुवात केली, तो माणूस तुमच्या हिंगणघाटलाच पुरलेला आहे.

मी लहानपणापासून बाजाराला हिंगणघाटला जातो. मला हे माहीत नव्हतं. त्या रात्री वाचत बसलो. त्या माणसाचं नाव विल्यम लॅम्बटन. त्याची गोष्ट समजली की तुमच्या फोनचा निळा ठिपका का भरकटतो आणि आपली गगन ही उपग्रह प्रणाली तो जागेवर कसा आणते, हे दोन्ही एकदम समजतं. चला तर मग.

चुकलेली वाट आणि आकाशातले तारे

लॅम्बटनचा जन्म इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा, साधारण १७५३ सालचा. नक्की तारीख सापडत नाही. ज्याने पुढे आयुष्यभर इंचाचा हिशोब ठेवला, त्याच्या स्वतःच्या जन्माचाच आकडा अंदाजे आहे! घर साधं, शेतकरी वर्गातलं. पोरगं गणितात हुशार. सैन्यात भरती झाला, अमेरिकेत गेला, मग कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमध्ये कित्येक वर्षं बराकींचा कारभार बघत राहिला. बढती नाही, नाव नाही. एकटा बसून गणित आणि खगोलशास्त्राची पुस्तकं वाचायची, एवढाच नाद.

१७९६ च्या सुमारास तो आपल्या पलटणीबरोबर भारतात आला. तेव्हा वय चाळिशीच्या पुढे. त्या काळात या वयात माणसं निवृत्तीचा विचार करायची. याचं खरं काम अजून सुरूच व्हायचं होतं.

१७९९ मध्ये टिपू सुलतानाविरुद्ध श्रीरंगपट्टणची मोहीम चालू होती. एका रात्री जनरल बेअर्ड सैन्याची तुकडी घेऊन अंधारात निघाला. लॅम्बटन बरोबर होता. चालता चालता त्याने वर पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं की ताऱ्यांच्या हिशोबाने तुकडी उत्तरेला नाही, दक्षिणेला चालली आहे, म्हणजे सरळ शत्रूच्या तोंडात! त्याने जनरलला सांगितलं. जनरलला पटेना. शेवटी होकायंत्र काढून बघितलं, तर लॅम्बटन बरोबर होता. तुकडी वेळेत माघारी वळली.

आपला फोनही तेच करतो. फोनला स्वतःहून काहीच माहीत नसतं. तो वर बघतो. फरक एवढाच की ताऱ्यांच्या जागी सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएस उपग्रह असतात. प्रत्येक उपग्रह सतत सांगत असतो की मी आत्ता इथे आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजलेत. तो संदेश पोहोचायला किती वेळ लागला त्यावरून फोन अंतर काढतो. किमान चार उपग्रहांची अंतरं मिळाली की फोनला स्वतःची जागा कळते.

साखळीचे ५७ दिवस

टिपूचा पाडाव झाल्यावर म्हैसूरचा मोठा मुलूख कंपनीच्या हाताखाली आला. राज्य करायचं, महसूल वसूल करायचा, फौजा हलवायच्या तर नकाशा लागतो. कंपनीचा स्वार्थ उघड होता आणि तो लपवायचं काही कारण नाही. लॅम्बटनच्या डोक्यात मात्र त्याहून मोठं काहीतरी होतं. समुद्रापासून समुद्रापर्यंत भारताचा दक्षिण भाग त्रिकोणांनी मोजायचा, आणि ते करता करता पृथ्वीचा नेमका आकार शोधायचा.

त्रिकोणांची युक्ती शाळेतल्या भूमितीतलीच आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात. म्हणजे जमिनीवर एकच बाजू प्रत्यक्ष मोजायची. तिला पायारेषा म्हणू. मग डोंगरावर, देवळावर, किल्ल्याच्या बुरुजावर चढून फक्त कोन मोजत जायचं. एका त्रिकोणाची बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. असे शेकडो त्रिकोण.

पण पहिली बाजूच चुकली तर? तर पुढचं सगळं चुकलं. म्हणून १८०२ च्या एप्रिल महिन्यात, मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ, लॅम्बटनने ती पहिली रेषा मोजायला घेतली. जेमतेम १२ किलोमीटरची. हातात १०० फुटांची पोलादी साखळी. ही साखळी मुळात चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून नेलेली, तिथे नको म्हटल्यावर फिरत फिरत भारतात आलेली. १२ किलोमीटरला किती वेळ लागावा? बाईकवर पंधरा मिनिटं. लॅम्बटनला ५७ दिवस लागले.

का? कारण ऊन. पोलाद तापलं की लांबतं. म्हणून साखळी लाकडी पेट्यांमध्ये आडवी ठेवायची, वर सावली धरायची, जवळ तापमापक ठेवायचे, प्रत्येक वेळी तापमान लिहायचं आणि त्याप्रमाणे हिशोबात दुरुस्ती करायची. साखळी अशी ४०० वेळा मांडली. साखळी चुकीचंच सांगणार हे त्याने आधीच मान्य केलं होतं. ती किती चुकते हे मोजत राहणं, हे त्याचं खरं काम होतं.

हे वाक्य लक्षात ठेवा मित्रांनो. पुढे गगनपर्यंत हेच न्यायचं आहे.

पावणेचार इंच

मद्रासहून त्रिकोणांची साखळी पश्चिमेला बंगळूरकडे सरकली. तिथे पोहोचल्यावर १८०४ मध्ये लॅम्बटनच्या हाताखालच्या लोकांनी पुन्हा एक पायारेषा जमिनीवर प्रत्यक्ष मोजली. गरज काय होती? त्रिकोणांवरून तिची लांबी गणिताने निघतच होती! पण त्याला स्वतःचं गणित तपासायचं होतं. इतक्या दूरवरून आलेला हिशोब आणि जमिनीवरचं माप यांच्यात फरक निघाला सुमारे पावणेचार इंचांचा.

पुढे ही मोजणी पश्चिम किनाऱ्यावर मंगळूरपर्यंत गेली आणि कळलं की त्या जागी द्वीपकल्पाची रुंदी जुन्या नकाशांपेक्षा तब्बल ४० मैलांनी कमी आहे. नकाशे आधीच असताना पुन्हा खर्च कशाला, असं विचारणाऱ्यांना ते उत्तर पुरेसं होतं.

मग त्याने साधारण ७८ रेखांशाला धरून दक्षिणोत्तर रांग सुरू केली. तीच पुढे ग्रेट आर्क म्हणून प्रसिद्ध झाली. दूरच्या डोंगरावरचा झेंडा दुर्बिणीतून बघताना त्याला आणखी एक गोष्ट छळायची. हवेतून येताना प्रकाश किंचित वाकतो, म्हणून झेंडा असतो त्याहून थोडा वर दिसतो. सकाळी एक कोन, दुपारी दुसरा. मग दोन्ही टोकांवरून एकमेकांकडे कोन मोजून, हवेने किती फसवलं ते तो शोधायचा.

आता फोनकडे या. जीपीएसचा संदेशही हवेच्या थरांतून येतो. जमिनीपासून वर काहीशे किलोमीटरवर आयनोस्फिअर नावाचा विद्युतभारित थर आहे. सूर्य तापला की तो दाट होतो आणि संदेशाला उशीर करतो. उशीर म्हणजे किती? सेकंदाचा अब्जावा भाग जरी चुकला तरी अंतरात सुमारे ३० सेंटिमीटरची चूक होते. दहा-वीस अब्जांश उशीर झाला की कित्येक मीटर गेले. त्यात उपग्रहाच्या घड्याळाची थोडी चूक, त्याच्या कक्षेची थोडी चूक. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनची अचूकता साधारण ५ मीटर असते, त्याला हे एक मोठं कारण आहे. आणि भारतात ही डोकेदुखी जास्त, कारण चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळच्या पट्ट्यात आयनोस्फिअर फारच चंचल असतं.

तंजावरचा दोर

लॅम्बटनचं कोन मोजायचं यंत्र म्हणजे थिओडोलाइट. वजन सुमारे अर्धा टन! इंग्लंडहून येताना जहाज फ्रेंचांनी पकडलं, यंत्र मॉरिशसला गेलं, पण ते विज्ञानाचं साधन आहे हे कळल्यावर फ्रेंचांनी ते सन्मानाने मद्रासला पाठवून दिलं.

१८०८ मध्ये तंजावरला आसपास डोंगर नव्हता. म्हणून हे धूड बृहदीश्वर मंदिराच्या सुमारे ६० मीटर उंच शिखरावर दोरांनी चढवायचं ठरलं. वर जाता जाता दोर तुटला. यंत्र दगडी भिंतीवर आदळलं आणि त्याची गोल पट्टी वाकडी झाली. ज्या पट्टीवर कोनाचे बारीक भाग कोरलेले, तीच वाकली म्हणजे सगळं संपलं.

नवीन यंत्र इंग्लंडहून यायला वर्षं गेली असती. लॅम्बटनने दुसरं यंत्र स्वतःच्या पैशाने मागवलं, आणि तोपर्यंत मोडकं यंत्र घेऊन स्वतःला कोंडून घेतलं. पाचर, स्क्रू, कप्प्या लावून तो ती पट्टी केसाएवढी केसाएवढी ओढत राहिला. सहा आठवडे. पट्टी पुन्हा गोल झाली, आणि तेच यंत्र नंतर अनेक वर्षं चाललं. रागाने कुणाला बोलला, कुणाला शिक्षा केली, असं कुठे वाचायला मिळालं नाही. तो शांत, लाजाळू माणूस होता असंच सगळे लिहितात.

हे वजन डोंगरावर वाहणारे, जंगल तोडणारे, झेंडे धरून दिवस दिवस उभे राहणारे, तापाने आजारी पडणारे खलाशी मात्र इथलेच होते. त्यांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत. लॅम्बटनची गोष्ट सांगताना त्यांना विसरून चालणार नाही.

हिंगणघाट, १८२३

वर्षामागून वर्षं गेली. रांग दक्षिणेला कन्याकुमारीजवळ पोहोचली, उत्तरेला १८१५ मध्ये बिदरपर्यंत आली. १८१७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सदस्य केलं. १८१८ मध्ये या कामाला ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे हे नाव मिळालं आणि जॉर्ज एव्हरेस्ट नावाचा तरुण मदतनीस म्हणून आला. हो, तोच एव्हरेस्ट.

लॅम्बटन आता थकला होता. खोकला पाठ सोडत नव्हता. वय सत्तरीच्या आसपास, तरी त्याने मुक्काम हैदराबादहून नागपूरला हलवायचं ठरवलं, म्हणजे रांग आणखी उत्तरेला नेता येईल. जानेवारी १८२३ मध्ये वाटेतच, हिंगणघाटला, तो गेला. नागपूर सुमारे ७५ किलोमीटर राहिलं होतं. तिथेच त्याला पुरलं. तोवर दीड लाख चौरस मैलांहून जास्त मुलूख त्रिकोणांनी मोजून झाला होता.

एव्हरेस्टने काम पुढे नेलं. १८२४-२५ मध्ये मध्य भारतातल्या सिरोंजच्या बाजूला पायारेषा मोजली आणि पुढे रांग हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचवली. या मोजमापांवरून पृथ्वीच्या आकाराचं एक गणिती रूप ठरलं, ते एव्हरेस्टच्याच नावाने ओळखलं जातं. भारताचे कागदी नकाशे कित्येक पिढ्या त्यावरच बेतले. जीपीएस मात्र वेगळं रूप वापरतं, त्यामुळे जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश सरळ फोनमध्ये टाकले तर आमच्या भागात ठिकाण बरंच बाजूला पडू शकतं. जगातलं सर्वांत उंच शिखर शिष्याच्या नावाने, आणि गुरू हिंगणघाटच्या मातीत. असो.

मग गगन काय करतं?

आता सगळे धागे जुळवू. लॅम्बटनची रीत दोन ओळींत सांगायची तर, आधी एक जागा पक्की करा. मग त्या जागेवर उभं राहून यंत्र किती चुकतं ते मोजा आणि ती चूक पुढच्या हिशोबातून काढा.

गगन हेच करतं, फक्त दर क्षणाला. गगन म्हणजे जीपीएस एडेड जिओ ऑगमेंटेड नेव्हिगेशन. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने मिळून उभारलेली प्रणाली. तिचं काम असं चालतं:

१. देशभर १५ संदर्भ केंद्रं आहेत. त्यांतलं एक नागपूरला, एक गोव्यात. प्रत्येक केंद्राच्या अँटेनाची जागा अगदी बारकाईने मोजून ठेवलेली आहे. हे केंद्र जीपीएसचे संदेश ऐकतं. जीपीएस सांगतं तू इथे आहेस, केंद्राला माहीत असतं आपण खरे कुठे आहोत. दोन्हींतला फरक म्हणजे चूक.

२. सगळ्या केंद्रांची माहिती बंगळुरूच्या मुख्य केंद्रात जाते. तिथे चुकीची फोड होते. उपग्रहाच्या घड्याळाची किती, कक्षेची किती, आयनोस्फिअरची किती. आयनोस्फिअरसाठी आकाशावर कल्पनेने चौकटींचं जाळं टाकलेलं असतं आणि जाळ्याच्या प्रत्येक गाठीला आत्ता किती उशीर होतोय ते काढलं जातं. लॅम्बटनने जमिनीवर त्रिकोण टाकले, आपण आकाशात चौकटी टाकल्या.

३. ही दुरुस्ती जीसॅट-८ आणि जीसॅट-१० या उपग्रहांकडे पाठवली जाते. ते सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, आपल्याला एकाच जागी स्थिर दिसतात. जीसॅट-१५ राखीव आहे.

४. हे उपग्रह दुरुस्ती जीपीएसच्याच फ्रिक्वेन्सीवर खाली पाठवतात. ज्या रिसीव्हरला ती भाषा कळते तो आपला आकडा सुधारून घेतो. चांगल्या परिस्थितीत चूक एक-दोन ते तीन मीटरवर येते.

अमेरिकेची वास, युरोपची एग्नॉस, जपानची एमसास, या सगळ्या याच जातीच्या प्रणाली. पण विषुववृत्ताजवळच्या त्या चंचल आयनोस्फिअरमध्ये सेवा देणारी पहिली प्रणाली आपली गगन.

आणि बंगळूरची ती दुसरी पायारेषा आठवते ना? स्वतःचं गणित तपासायला मोजलेली? गगनमध्येही तसं काम आहे. एखादा उपग्रह चुकीचं सांगायला लागला तर काही सेकंदांत इशारा जातो की याच्यावर भरवसा ठेवू नका. विमानाला अचूक आकड्याइतकाच हा इशारा महत्त्वाचा. धुक्यात उतरताना आकडा चुकतोय हे न कळणं सगळ्यात धोक्याचं. २०१५ मध्ये गगनला विमान उतरवण्याच्या मार्गदर्शनासाठी मान्यता मिळाली आणि २८ एप्रिल २०२२ ला राजस्थानातल्या किशनगड विमानतळावर गगनच्या मदतीने प्रवासी कंपनीचं विमान उतरवून दाखवलं गेलं.

तुमच्या फोनचं काय?

इथे थोडं सावध राहा. काही फोनच्या चिपला गगनसारखे संदेश कळतात, काहींना नाही, आणि काहींमध्ये सोय असून बंद असते. उपग्रहांची यादी दाखवणारं एखादं ॲप टाकून मोकळ्या मैदानात उभे राहा. यादीत एसबास असा प्रकार किंवा भारताचा झेंडा लावलेला १२७, १२८ क्रमांकाचा उपग्रह दिसला तर गगन तुमच्याशी बोलतंय असं समजा.

दुसरं, ए-जीपीएस म्हणजे गगन नव्हे. ए-जीपीएस मोबाईल नेटवर्कच्या मदतीने लोकेशन लवकर पकडून देतं. चूक दुरुस्त करणं हे त्याचं काम नाही.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. गगन आकाशातली चूक काढतं, तुमच्या शेजारची नाही. संदेश उंच इमारतीवर, टिनाच्या शेडवर आपटून आला तर ती चूक फक्त तुमच्याच जागेची असते. नागपूरच्या केंद्राला ती दिसणारच नाही. म्हणून गल्लीत ठिपका उड्या मारतो.

आणि धुरा ठरवायला मीटरची अचूकताही कामाची नाही. तिथे सेंटिमीटर लागतो. भूकरमापक साहेबांचं रोव्हर जवळपासच्या स्थिर केंद्राकडून दुरुस्ती घेतं आणि संदेशाच्या लहरींचा बारीक हिशोब करतं. तत्त्व तेच, कस जास्त.

आमच्या मोजणीचा निकाल लागला. धुरा एका टोकाला दीड हात सरकला होता, दुसऱ्या टोकाला बरोबर होता. माझे चार गुंठे कुठेच नव्हते. त्या संध्याकाळी मी काकांच्या घरी गेलो आणि दोन्ही दिवसांचे आकडे खरे खरे सांगून टाकले. काका काही बोलले नाहीत, काकूंनी चहा ठेवला. दिवाळीपर्यंत दोन्ही घरांचं येणं-जाणं सुरू झालं.

लॅम्बटनने आपली साखळी चुकते हे आधी मान्य केलं आणि मग देश मोजला. मी माझा फोन चुकत नाही असं धरून बसलो आणि एक शेतही मोजू शकलो नाही. तेव्हा मित्रांनो, ॲपवर जमिनीचा आकडा आला की लगेच घरात जाहीर करू नका. आधी एखाद्या पक्क्या खुणेवर उभे राहा, फोन किती चुकतो ते बघा, आणि मग बोला.